पाच फेनिगचा पाव आणि सत्तर मार्कांची कॉफी: दोन जर्मनींबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्या लाइपझिगच्या बिल्डिंगमधल्या, वरच्या मजल्यावरच्या आजींबद्दल लिहिलं होतं. त्यांची चाळीसेक वर्षं पूर्व जर्मनीत गेली आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण १९६० मध्ये बर्लिनमार्गे पश्चिमेला निघून गेली ती कायमची हानोवरचीच झाली. आई एक, भाषा एक, नाताळच्या केकची चवसुद्धा एक, फक्त देश दोन, आणि तेही अगदी उलट्या तऱ्हेने चालणारे. लेख आल्यावर इतके मेल आले की संपादकांनी यावेळचं सदर तुमच्या प्रश्नांनाच दिलंय. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना विचारून विचारूनच लिहितेय, नाव घालू नकोस म्हणाल्या म्हणून इथेही त्या आजीच.

ताई, आम्ही शाळेत पूर्व आणि पश्चिम जर्मनी नकाशात दोन रंगांनी रंगवायला लावायचो पण आत काय फरक होता ते कधी नीट सांगता आलं नाही. आणि एकदा सरळ सांगून टाका, बरं कुठे होतं? (निवृत्त शिक्षक, मिरज)

सर, थोडक्यात सांगायचं तर युद्ध हरल्यावर जर्मनीचे तुकडे झाले, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या भागाचा २३ मे १९४९ ला पश्चिम जर्मनी झाला आणि रशियाच्या ताब्यातल्या भागाचा त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी. पश्चिमेत बरेच पक्ष, खरीखुरी निवडणूक, कारखाने खाजगी. पूर्वेत एका पक्षाचं राज्य, कारखाने सरकारी, किती बूट बनवायचे नि कुठे पाठवायचे ते सगळं वरून ठरणार. लोक पायांनीच मत द्यायला लागले, १९६१ पर्यंत पंचवीस लाखांहून जास्त माणसं पूर्वेकडून निघून गेली, त्यात डॉक्टर, इंजिनियर, कारागीर भरपूर, म्हणून मग १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये, पूर्वेच्या पोटात असूनही अर्धं पश्चिमेचं असलेल्या त्या शहरात, रातोरात तारा टाकल्या आणि त्याची पुढे भिंत झाली.

बरं कुठे होतं हे मीही इथे आले तेव्हा सगळ्यांना विचारत सुटले होते. त्याने समोरचा माणूस एकतर गप्प होतो नाहीतर भांडायला उठतो. आता मी वेगळं विचारते, की अमुक गोष्टीसाठी तुम्हाला कुणाला विचारावं लागायचं? गाडीसाठी, फोनसाठी, बहिणीला भेटायला, नोकरी करायला. त्याचं उत्तर मात्र प्रत्येकजण देतो, आणि अगदी बारीकसारीक देतो. खालची सगळी उत्तरं तशीच जमवलेली आहेत.

पूर्व जर्मनीत खायचे हाल होते का? माझ्या जर्मनच्या क्लासमध्ये कुणी म्हणतं दुकानं रिकामी होती, कुणी म्हणतं सगळं फुकटात मिळायचं. (विद्यार्थिनी, पुणे)

उपाशी कुणी नव्हतं, हे पहिलं. फुकटही नव्हतं पण काही गोष्टी इतक्या स्वस्त होत्या की ऐकून खरं वाटत नाही. बेकरीतला छोटा पाव पाच फेनिगला, म्हणजे मार्काच्या विसाव्या भागाला, आणि तो भाव वर्षानुवर्षं तोच. ट्रामचं तिकीट वीस फेनिग. घरभाडं चौरस मीटरला साधारण एक मार्क, म्हणजे पगारातला अगदी छोटा हिस्सा भाड्यात जायचा. आजींना पंधरा तारखेनंतर घर कसं चालवायचं ही चिंता कधी माहीतच नव्हती, आणि त्यांची बहीण हानोवरला भाडं, हीटिंग, विमा असा हिशोब दर महिन्याला वहीत मांडायची. ही बहीण पुष्कळ जास्त कमवत होती हेही खरं, पण ती वही मी पाहिलीये आणि त्यातली खाडाखोड पण पाहिलीये.

आता दुसरी बाजू. पाव पाच फेनिगला आणि कॉफीचं सव्वाशे ग्रॅमचं पाकीट पावणेनऊ मार्कांना, म्हणजे किलोला सत्तर मार्क, पगार महिन्याला हजार-बाराशे असताना. रंगीत टीव्हीला चार-पाच महिन्यांचा पगार लागायचा. जगायला जे लागतं ते स्वस्त आणि जरा मजा म्हणून जे लागतं ते एकतर महाग नाहीतर मिळतच नाही. केळी, संत्री नाताळच्या सुमाराला यायची, रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं की कशाची आहे. आजी आजही भाजी आणायला जायचं नसलं तरी पर्समध्ये घडी घातलेली नायलॉनची पिशवी घेऊनच बाहेर पडतात, कारण तेव्हा कधी काय मिळेल याचा भरवसा नसायचा. त्या नायलॉनचं नाव डेडेरॉन, देशाच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ठेवलेलं. आणि चांगला माल आला की दुकानदार तो काउंटरखाली ठेवायचा, ओळखीच्या गिऱ्हाईकासाठी वाकून काढायचा, म्हणून त्याला शब्दच होता 'ब्यूकवारे', वाकून काढायचा माल. रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या आपल्या आईआज्ज्यांना हे काही समजावून सांगायला नको.

कॉफीची एक गोष्ट सांगतेच. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये हिमाने मळे जळाले, जगात कॉफीचे भाव भडकले, पूर्व जर्मनीकडे परकीय चलन कमी, म्हणून १९७७ मध्ये सरकारने स्वस्तातली कॉफी बंद करून एक मिक्स आणलं ज्यात कॉफी ५१ टक्के आणि बाकी चिकोरी, राय, बीट वगैरे भाजून घातलेलं. लोक, जे निवडणुकीत मुकाट्याने होय म्हणून मत देऊन यायचे, ते कॉफीवरून खवळले, तक्रारींची पत्रं ढिगाने गेली आणि ते मिक्स सरकारला मागे घ्यावं लागलं. मग त्यांनी व्हिएतनामशी करार करून तिथे मळे लावायला पैसे आणि मशिनरी दिली. कॉफीच्या झाडाला फळ धरायला वर्षं लागतात, पीक हाताशी येईपर्यंत इकडे देशच संपला. व्हिएतनाम आज जगात कॉफीत दुसऱ्या नंबरवर आहे त्याच्या मुळाशी हाही एक धागा आहे, मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कपाकडे बघत बसले होते.

गाडीसाठी खरंच पंधरा वर्षं थांबायचे? (नाशिक)

हो, दहा ते पंधरा वर्षं अगदी सर्रास. ट्राबांट नावाची छोटी गाडी, त्स्विकाउ गावात बनायची, २६ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. पत्रा कमी होता म्हणून बॉडीचं बाहेरचं आवरण कापसाचा वाया गेलेला तंतू आणि राळ दाबून बनवलेलं, म्हणजे ते गंजायचा प्रश्नच नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि टाकीत किती उरलंय ते बॉनेट उघडून काडी बुडवून बघायचं. माझ्या वडिलांना हे सांगितलं तर ते फोनवरच म्हणाले अगं ही तर चारचाकी चेतक! आणि खरंच की, बजाजची स्कूटर बुक करून दहा-दहा वर्षं वाट बघणारी माणसं आपल्या प्रत्येक कुटुंबात होती, म्हणजे रांग ही काही फक्त तिकडच्या पद्धतीचीच नव्हती, जिथे जिथे किती बनवायचं ते सरकार ठरवायचं तिथे तिथे ती होती. दोन्हीकडे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची, कारण ती आज हातात मिळते. मुलगा अठराचा झाला की आईवडील पहिलं त्याचं नाव गाडीसाठी नोंदवायचे, तो तिशीला येईल तेव्हा मिळेल म्हणून.

पलीकडे हानोवरहून जेमतेम तासाभरावर फोक्सवागेनचा कारखाना. आजींच्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने एका शनिवारी जाऊन जुनी बीटल घेतली, हप्त्याने. मी आजींना विचारलं तुम्हाला याचं काय वाटलं, त्या म्हणाल्या गाडीचं काही नाही, तिने फोटो पाठवला त्यात ती स्टिअरिंगवर बसलेली होती, मला वाटलं ही मनात आलं की माझ्याकडे येऊ शकते, मी नाही.

मी ठाण्यात नोकरी करते, दीड वर्षाची मुलगी आहे, पाळणाघराच्या नावाने घरात रोज वाद. मी वाचलं की पूर्व जर्मनीत सगळ्या बायका नोकरी करायच्या. हे सगळं कसं जमायचं त्यांना? (ठाणे)

तुझा प्रश्न वाचून मी आजींकडे जाऊन बसले आणि दोन तास उठले नाही. तर ऐक.

पूर्वेत शेवटी शेवटी कामाच्या वयातल्या शंभरातल्या नव्वद बायका नोकरीत नाहीतर शिक्षणात होत्या, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास मुलांना पाळणाघरात जागा होती, जवळजवळ मोफत, फक्त जेवणाचे थोडे पैसे. सकाळी सहाला उघडायचं कारण पहिली पाळी लवकर सुरू व्हायची. मोठ्या कारखान्यांचं स्वतःचं पाळणाघर, स्वतःचा दवाखाना. घरकामासाठी महिन्यातून एक दिवस पगारी सुट्टी होती, तिला 'घरकामाचा दिवस' असंच म्हणायचे, आणि १९७६ पासून दुसऱ्या मुलाच्या वेळी वर्षभराची पगारी रजा, १९८६ पासून पहिल्यालाही. आजी सूतगिरणीत होत्या, दोन मुलं झाली, नोकरी एकदाही सुटली नाही, आणि मी नोकरी करू का असं त्यांनी आयुष्यात कुणालाच विचारलं नाही.

पश्चिमेत काय होतं? तुला खरं वाटणार नाही पण १९७७ च्या मध्यापर्यंत तिथल्या कायद्यात लिहिलेलं होतं की बायको नोकरी करू शकते, पण घर आणि लग्नाच्या जबाबदाऱ्यांत बसत असेल तरच. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी शंभरात दोन-तीन जागा. शाळा दुपारी सुटायची, मूल घरी जेवायला येणार म्हणजे आई घरी असणार हे धरूनच सगळं चालायचं. दुकानं संध्याकाळी साडेसहाला बंद, शनिवारी दुपारी दोनला बंद, रविवारी बंदच. मूल लहान असताना कामावर जाणाऱ्या बाईला एक शब्द होता, 'राबेनमुटर', कावळीसारखी आई, पिल्लांना टाकून जाणारी. आजींची बहीण टायपिस्ट होती, मुलगा झाल्यावर घरी बसली ती तो दहा वर्षांचा होईपर्यंत. आरामात होती, छान घर होतं, आणि तिने पत्रात लिहिलेलं की दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त रेडिओ असतो.

पण हे एवढंच सांगितलं तर ती थाप होईल. पूर्वेतल्या बाईला नोकरीचा हक्क होता तसा ती न करायचा हक्क जवळजवळ नव्हता, देशाला हात कमी पडत होते म्हणून ही सोय होती. घरी आल्यावर स्वयंपाक, धुणं, रांग हे सगळं परत तिच्याच गळ्यात, आजोबा सज्जन होते पण भांड्यांना हात लावायचे नाहीत. पक्षाच्या सगळ्यात वरच्या मंडळात, पॉलिटब्युरोत, मतदानाचा हक्क असलेली एकही बाई शेवटपर्यंत नव्हती. आणि सोमवारी सोडायचं ते शुक्रवारी आणायचं अशी आठवड्याची पाळणाघरंही होती. आजींच्या गिरणीतल्या एका मैत्रिणीने, पाळीची नोकरी म्हणून, तिचं बाळ तसं ठेवलं होतं. ते सांगताना आजी टेबलावरचं कापड नुसतं सरळ करत राहिल्या, सुरकुती नसलेलं.

तुझ्या घरातल्या वादात कुणाची बाजू घ्यायची म्हणशील तर मी तुझी घेईन, पाळणाघर चांगलं शोध आणि कामावर जा. पण पलीकडे सोय तयार होती म्हणून मन पण तयार होतं असं समजू नकोस, दारात मूल रडत सोडून ट्राम पकडायला पळणं आजींना आजही आठवतं.

पूर्वेतल्या लोकांना पश्चिमेतलं आयुष्य कळायचं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

टीव्हीवर! लाटांना भिंत अडवत नाही ना. जवळजवळ सगळ्या पूर्व जर्मनीत पश्चिमेचे चॅनल दिसायचे, घराघरांत साडेसातच्या सरकारी बातम्या टाळून आठच्या पलीकडच्या बातम्या लागायच्या. फक्त ड्रेस्डेनचा खोलगट भाग आणि ईशान्येचा एक कोपरा राहिला, तिथे सिग्नल पोचायचा नाही, म्हणून लोक ड्रेस्डेनला 'बेखबरांची दरी' म्हणायचे. मुलांना झोपवायला संध्याकाळी टीव्हीवर लागणारा, डोळ्यांत झोपेची वाळू टाकणारा बाहुलाही दोन्ही देशांचा वेगवेगळा होता, दोघंही १९५९ च्या हिवाळ्यात काही दिवसांच्या अंतराने सुरू झाले. एकीकरणानंतर टिकला तो पूर्वेचा, माझ्या मुलीने तोच बघितला.

बहिणीची पार्सलं यायची असं तुम्ही लिहिलं होतं. त्यात काय असायचं? आणि परत काय पाठवायच्या? (दापोली)

बाहेर लिहायला लागायचं: भेटवस्तू, व्यापारी माल नाही. आत कॉफी, चॉकलेट, नायलॉनचे स्टॉकिंग्ज, मुलांचे कपडे, आणि साबण. साबण अंगाला लावायचा नाही बरं का, तो कपाटात चादरींच्या मध्ये ठेवायचा, वासासाठी. अशी लाखो पार्सलं यायची, देशात जेवढी कॉफी प्यायली जायची तिचा मोठा हिस्सा या खोक्यांतूनच येत होता आणि सरकार ते मोजत होतं, धरून चालत होतं.

इकडून जायचा तो श्टोलन, नाताळचा सुक्यामेव्याचा केक. गंमत बघा, त्यातले बेदाणे, बदाम, संत्र्याची साल इथे मिळायची मारामार, म्हणून बहीण ऑक्टोबरमध्ये ते पाठवायची आणि डिसेंबरमध्ये त्यांचाच केक होऊन तिच्याकडे परत जायचा. आपल्याकडे गावाहून तांदूळ येतो आणि मुंबईतून कापड जातं तसंच, फक्त मध्ये कस्टमवाले आणि कधीकधी आणखीही कुणीतरी खोकं उघडून बघणार.

श्टाझी म्हणजे तिथली गुप्त पोलीस. खरंच घरातसुद्धा बोलायची भीती होती का की हे सिनेमातलं वाढवून दाखवलेलं? (कोल्हापूर)

नाही, वाढवलेलं नाहीये. पण सिनेमात दिसतं तसं सतत थरथरत कुणी जगत नव्हतं, तेही खोटं. आकडे आधी सांगते: दीड कोटींच्या थोडं वरची लोकवस्ती, आणि १९८९ मध्ये श्टाझीचे पगारी नोकर ९१ हजार, शिवाय शेजारी, सहकारी, नातेवाईक अशा रूपात खबर देणारे पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यांनी मागे ठेवलेल्या फायली एकापुढे एक उभ्या केल्या तर १११ किलोमीटर भरतात.

रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा की माणसाच्या दोन भाषा तयार होतात. एक स्वयंपाकघरातली आणि एक बाहेरची. आजी मुलांना सांगायच्या, शाळेत बाई विचारतील घरी टीव्हीवर घड्याळ कसं दिसतं, दोन्ही देशांच्या बातम्यांआधी येणारं घड्याळ वेगळं असायचं, त्यावरून घरी काय बघतात ते कळायचं, तर सांगायचं आमच्याकडे लवकर झोपतात. सहा वर्षांच्या पोराला खोटं बोलायला शिकवावं लागलं याचं त्यांना अजून वाईट वाटतं. मुलगी हुशार होती पण चर्चमध्ये जायची, पक्षाच्या तरुण संघटनेत गेली नाही, तिला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही.

१९९२ च्या जानेवारीपासून लोकांना आपापली फाइल बघायला मिळायला लागली. आजींनी पाच-सहा वर्षं अर्जच केला नाही, मग केला. वाचनखोलीत बसवतात, पुढ्यात फाइल ठेवतात, दुसऱ्यांची नावं काळी केलेली. त्यांच्या फाइलीत फार काही नव्हतं, बहीण कधी आली, किती दिवस राहिली, पार्सलात काय होतं. आणि एका पानावर त्यांच्या स्वयंपाकघराचं वर्णन. टेबल खिडकीपाशी, चार खुर्च्या, एकीचा पाय बांधलेला. तो पाय आजोबांनी काथ्याने आतल्या बाजूने बांधला होता, टेबलाशी बसून खाली वाकल्याशिवाय दिसायचा नाही. म्हणजे ज्याने लिहिलं तो तिथे बसून जेवला होता. खबऱ्याचं खरं नाव अर्ज करून मागता येतं. आजींनी मागितलं नाही. मी विचारलं का हो, तर म्हणाल्या, नाव कळून मी काय करू, जिना तर एकच आहे.

पश्चिमेत सगळं निर्मळ होतं असं नाही, १९७२ च्या एका आदेशानंतर डाव्या विचाराच्या शिक्षकांना, अगदी पोस्टमनलासुद्धा सरकारी नोकरी नाकारली गेली. पण त्यांना कोर्टात जाता आलं, पेपरात त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध छापून आलं, पुष्कळजण लढून परत कामावर घेतले गेले. आजींच्या मुलीला जाण्यासारखी जागाच नव्हती. माझ्या मते भाडं, पाव, गाडी या सगळ्याची तुलना कितीही केली तरी दोन देशांतला खरा फरक इथे आहे.

माझे वडील लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. तुम्ही सूतगिरणीचा उल्लेख केलात म्हणून विचारतो, एकीकरणानंतर तिथल्या कामगारांचं काय झालं? (लालबाग, मुंबई)

दादा, तुमचा मेल मी दोनदा वाचला. आजींना भाषांतर करून सांगितला तर त्यांनी विचारलं तुझ्या वडिलांचं खातं कोणतं होतं, कांडी की माग. जमलं तर कळवा, त्या वाट बघतायत.

लाइपझिगची सूतगिरणी १८८४ ची, एकेकाळी युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात मोठ्यांपैकी, आवारातच कामगारांची घरं, पाळणाघर, बागेचे तुकडे. आपल्या गिरणगावासारखंच, भोंग्यावर दिवस चालायचा. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला आणि पगार एकास एक बदलून मिळाले, लोक खूश झाले कारण हातात खरा पैसा आला. पण त्याच दिवसापासून पूर्वेच्या कारखान्यांचा माल एकदम महाग झाला, पोलंड, हंगेरी, रशिया हे जे गिऱ्हाईक होते त्यांना तो परवडेना, आणि पश्चिमेला तो नको होता. सरकारने एक ट्रस्ट नेमला, साडेआठ हजारांच्या आसपास सरकारी कंपन्या त्याच्याकडे, त्यात काम करणारी माणसं चाळीस लाखांच्या घरात, आणि चार-साडेचार वर्षांत विका नाहीतर बंद करा. गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबली. दशक संपेस्तोवर पूर्वेकडे पाचातला जवळजवळ एक बेकार होता. ज्या देशात बेकारी हा शब्द कुणाला उच्चारायची वेळ आली नव्हती तिथे.

आजी तेव्हा पन्नाशीच्या होत्या. लेबर ऑफिसने टायपिंगचा कोर्स करायला लावला, नोकरी लागली नाही, मग त्या ऑफिसांची झाडलोट करत साठीपर्यंत पोचल्या. त्या म्हणतात आधी मला बहिणीकडे जायला विचारावं लागायचं आणि कामाला कुणाला विचारायचं नव्हतं, मग बहिणीकडे जायला विचारायचं नव्हतं आणि कामासाठी दारोदार विचारत फिरले.

आज त्या आवारात आर्ट गॅलऱ्या आणि चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, जगभरचे लोक बघायला येतात. निदान इमारती उभ्या आहेत, लोअर परळसारख्या मॉलखाली गेल्या नाहीत. आम्ही एकदा आजींना घेऊन गेलो होतो, एका हॉलमध्ये मोठं निळं चित्र लावलेलं, लोक चित्र बघत होते आणि आजी फरशीवरची भोकं बघत होत्या, जिथे त्यांचं मशीन बोल्टने बसवलेलं होतं.

आम्ही सीमेवरचे लोक, घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्यात असं बघितलेलं आहे. पण गावाच्या मधून भिंत गेली असं खरंच झालं का? (निपाणी)

झालं. म्योडलारॉइट नावाचं पन्नासेक माणसांचं गाव आहे, मधून ओढा जातो, उडी मारून ओलांडता येईल एवढाच. ओढ्याच्या एका बाजूला बायर्न म्हणजे पश्चिम, दुसऱ्या बाजूला थ्युरिंगिया म्हणजे पूर्व. आधी १९५२ मध्ये लाकडी कुंपण, मग तारा, १९६६ मध्ये सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पश्चिमेकडचा माणूस हात हलवू शकत होता, पूर्वेकडच्याला उलट हात हलवायची बंदी होती, म्हणजे चुलतभाऊ दिसतोय, ओरडला तर ऐकू येईल, आणि तुम्ही मान खाली घालून गवत कापत राहायचं. पूर्वेच्या अर्ध्यात नातेवाइकांनाही खास परवान्याशिवाय यायला नाही. १९८९ च्या डिसेंबरमध्ये भिंतीत पायी जायची वाट उघडली. भिंतीचा तुकडा आजही ठेवलाय, आणि गाव अजूनही दोन राज्यांत आहे, पिनकोड दोन, एका बाजूचे 'ग्र्युस गॉट' म्हणतात, दुसऱ्या बाजूचे 'गुटेन टाग'.

दोघी बहिणी भिंत पडल्यावर कधी भेटल्या? आणि आजींना जुने दिवस आठवून बरं वाटतं का? (डोंबिवली)

भिंत उघडली त्या ९ नोव्हेंबर १९८९ ला गुरुवार होता. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ९ ऑक्टोबरला, लाइपझिगच्या रस्त्यावर सत्तरएक हजार माणसं उतरली होती, गोळीबार होईल अशी सगळ्यांची खात्री होती, हॉस्पिटलांत रक्ताच्या बाटल्या वाढवून ठेवल्यात असं बोललं जात होतं, तरी उतरली. आजी त्यात होत्या. मुलीसाठी गेले, एवढंच सांगतात. मला वाटतं भिंत खरी त्या दिवशी हलली, पण टीव्हीवर दरवेळी बर्लिनच दाखवतात.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी आजी, आजोबा आणि मुलं खच्चून भरलेल्या रेल्वेने हानोवरला गेले, उभ्यानेच. अडीचशेएक किलोमीटर, आणि तिथवर जायला एकोणतीस वर्षं. पूर्वेतून येणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा शंभर मार्क मिळायचे, ते घ्यायला बँकेसमोर परत रांग. आजींना ती रांग टोचली, हात पसरल्यासारखं वाटलं, पण मुलांसाठी उभ्या राहिल्या. बहिणीच्या घरी सगळ्यात आधी दोघी स्वयंपाकघरात गेल्या, आणि बहिणीने फळीवरचा पत्र्याचा डबा काढून दाखवला, त्यात इतक्या वर्षांच्या श्टोलनच्या पार्सलांची सुतळी गुंडाळून ठेवलेली.

बरं वाटतं का, तर हो, काही गोष्टींचं वाटतं. जिन्यातल्या सगळ्यांनी मिळून बाग साफ करणं, सुट्टीत गिरणीतर्फे समुद्रावर जाणं, एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे असणं. इथे याला एक शब्द आहे, 'ओस्टाल्गी', पूर्वेच्या आठवणीने व्याकुळ होणं, आणि तरुण लोक तो जरा हिणवून वापरतात ते मला आवडत नाही. आपलं तिशी-चाळिशीचं आयुष्य जिथे गेलं ते आठवणारच ना माणसाला. भिंत परत हवी का विचारलं तर आजी नुसत्या बघतात आपल्याकडे.

पुढच्या वर्षी लाइपझिगला एमएस करायला येतोय. हे सगळं बघायचं तर कुठे जाऊ? (सांगली)

लाइपझिगमध्ये निकोलाय चर्च, ऑक्टोबरचा तो मोर्चा जिथल्या प्रार्थनेनंतर निघाला ते, तिथून चालत 'रुंडे एके', म्हणजे श्टाझीच्या जुन्या ऑफिसातलं म्युझियम. पत्रं वाफेवर उघडायची त्यांची यंत्रं तिथे बघायला मिळतात. बर्लिनला गेलास की फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनला लागून 'ट्रेनेनपालास्ट' आहे, अश्रूंचा महाल, पश्चिमेचे पाहुणे परत जाताना ज्याच्या दाराशी पूर्वेतल्या आपल्या माणसांचा निरोप घ्यायचे तो हॉल. तिकीट नाही, सोमवारी बंद असतं. पासपोर्ट तपासायचा जुना लाकडी बोळ तसाच ठेवलाय, जेमतेम एक माणूस मावेल एवढा, त्यातून एकदा एकट्याने जा. आजींची बहीण तिथून कितीदा गेली आणि आजी दरवेळी दाराबाहेर थांबल्या, त्यांना आत येता यायचं नाही. आणि आलास की आधी मेल कर, आजींकडची सांगलीची हळद संपत आलीये.